कडू कवठ : वाळीत टाकलेल्यांचे औषध

राजगृहात सुप्पबुद्ध नावाचा एक गरीब महारोगी होता. वेळुवनात गर्दी दिसली, म्हणून काहीतरी खायला मिळेल या आशेने तो तिकडे गेला. तिथे भगवान बुद्ध उपदेश करीत होते. धम्म समजू शकेल असा माणूस म्हणून तथागतांनी त्या सगळ्या सभेतून त्यालाच ओळखले. उदान या पाली ग्रंथात ही कथा आहे.

या रोगाला आपली जुनी माणसे महारोग किंवा रक्तपिती म्हणत. त्यावर शेकडो वर्षे ज्या झाडाचा आधार होता, ते म्हणजे कडू कवठ. कोकणात आणि सह्याद्रीच्या ओलसर रानात ते वाढते. खायच्या कवठाशी त्याचा संबंध नाही. सुश्रुतसंहितेत त्याला तुवरक म्हटले असून ते पश्चिम समुद्राकाठचे झाड असल्याचे सांगितले आहे. बियांचे तेल अंगाला लावत आणि पोटातही देत. पण पोटात घेतले की ओकारी यायची, आणि टोचले तर कातडीखाली गाठी व्हायच्या.

१८७३ साली नॉर्वेच्या डॉ. हान्सेन यांनी या रोगाचा जंतू शोधला. म्हणजे हा रोग पूर्वजन्मीच्या पापाचे फळ नव्हे! पुढे या जातीच्या जंतूंना कवठाच्या तेलातली आम्ले मारक ठरतात, असे प्रयोगशाळेत दिसले.

हे तेल टोचता येईल असे करण्याची रीत १९१५-१६ च्या सुमारास हवाई बेटावर अ‍ॅलिस बॉल या २३ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीने शोधली. १९१६ च्या अखेरीस ती वारली आणि तिचे काम वरिष्ठाच्या नावावर चालले. तिच्या नावाची पाटी विद्यापीठात लागली ती २००० साली, त्याच जातीच्या झाडाखाली. ही गोष्ट आपल्याला नवी वाटू नये.

तेलाने सर्वांना गुण येत नव्हता. १९४० नंतर डॅप्सोन आले. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधे एकत्र देण्याचा उपचार सुचवला. सहा ते बारा महिन्यांत रोगी बरा होतो, आणि सरकारी दवाखान्यात हे औषध फुकट मिळते. कोंढव्याचे कुष्ठरुग्णालय तर पुणेकरांना माहीतच आहे. तेव्हा आज कुणी तेलावर विसंबून राहू नये.

औषध आले, पण वाळीत टाकणे लवकर गेले नाही. रोग्यांना कोंडून ठेवायला परवानगी देणारा १८९८ चा कायदा २०१६ साली रद्द झाला. हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण होते. ते २०१९ मध्ये काढले. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे, हे ध्यानात घ्या.

बंधू-भगिनींनो, शिवाशिव काय असते ते आपल्या आजोबा-पणजोबांनी भोगले आहे. घरात कुणाच्या अंगावर फिकट, बधिर चट्टा दिसला तर लपवू नका, लगेच दवाखान्यात न्या. आणि बरा झालेला माणूस विहारात आला, तर त्याला आपल्याच सतरंजीवर जागा द्या.