थोरली पाती, धाकटी पाती

आमच्या घरातले एक आजोबा सरकारच्या बाजूने लढले आणि दुसरे सरकारच्या विरुद्ध, तेही एकाच वेळी. थोरले आबा दुसऱ्या महायुद्धात मराठ्यांच्या पलटणीबरोबर इटलीत होते. धाकटे तात्या नाना पाटलांच्या प्रतिसरकारात, कृष्णाकाठच्या उसात दडलेले. ज्या दारात आबांची मनिऑर्डर यायची, त्याच दारात तात्यांना धुंडाळत पोलीस यायचे. आजी सांगायची की फौजदार आला की ती आबांचा वर्दीतला फोटो पुढे करायची. ‘नवरा तिकडं राजासाठी लढतोय, आन् तुम्ही त्याच्या घराची झडती घेताय?’ फौजदार चहा पिऊन परत जायचा.

साताऱ्याकडे यात नवल नव्हतं. पाऊस बेभरवशाचा, जमिनीचे तुकडे झालेले. लामावर, म्हणजे फौजेत, गेलं की निदान पगार ठरलेला. अपशिंगे गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात पडले, आणि आज त्या गावाचं नावच ‘अपशिंगे मिलिटरी’ आहे. त्याच जिल्ह्यात १९४३ ते १९४६ प्रतिसरकार चाललं, न्यायनिवाडे झाले. इतिहास लिहिणाऱ्यांनी पुढे या दोन गोष्टी दोन कप्प्यांत घातल्या. गावाने कधी घातल्या नव्हत्या.

आबांच्या गोष्टींत तोफा कमी आणि चिखल फार. खेचरं, थंडी, टिनातलं जेवण. सेनिओ नदीबद्दल मात्र ते तासभर बोलत. नदी कसली, ओढाच. पण दोन्ही काठांना पूर अडवायला घातलेले उंच बांध, आपल्या धरणाच्या भिंतीसारखे. जर्मनांनी ते बांध पोखरून आत मशीनगनी बसवलेल्या, सुरुंग पेरलेले.

९ एप्रिल १९४५ ला तिथे नामदेव जाधव होता, १/५ मराठा लाइट इन्फन्ट्रीचा शिपाई. नगर जिल्ह्यातला, वय तेवीस. काम कंपनी रनरचं, म्हणजे साहेबाचा निरोप इकडून तिकडे पोचवायचा. नदी ओलांडताना गोळीबारात कंपनी कमांडर जखमी झाला, सोबतची जवळजवळ सगळी माणसं पडली. नामदेवने आधी एका जखमीला आणि मग आणखी एका जखमीला पाण्यातून, चढावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे आणलं. इथे थांबला असता तरी कोणी नाव ठेवलं नसतं. तो परत गेला. टॉमीगनने एक ठाणं गप्प केलं, हाताला गोळी लागली तेव्हा बंदूक टाकून हातबॉम्ब घेतले, आणखी दोन ठाणी उडवली. मग बांधावर चढून शिवाजी महाराजांचा जयजयकार करत मागच्या कंपन्यांना हात केला. आबा त्या दिवशी मागे सामानाच्या गाड्यांवर होते. त्यांनी हे पाहिलं नव्हतं, पलटणीतून कानावर आलेलं. तरी सांगताना ते बॉम्बपेक्षा त्या दोन फेऱ्यांवरच रेंगाळत. ‘भिजलेला गडी पाठीवर घेऊन चढ चढून बघ एकदा,’ असं म्हणत. मला वाटतं, त्यांचा हिशेब बरोबर होता.

नामदेव जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ते घरी आले, १९८४ पर्यंत जगले. मराठा लाइट इन्फन्ट्रीचेच, माणगावजवळच्या पळसगावचे यशवंत घाडगे मात्र आले नाहीत. १० जुलै १९४४ ला वरच्या टायबर खोऱ्यात त्यांच्या तुकडीतले बाकीचे सगळे मेले किंवा घायाळ झाले, तेव्हा ते एकटेच मशीनगनवर चालून गेले. मॅगझिन बदलायला सवड नव्हती म्हणून शेवटच्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळवलं. मग लपलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. त्यांना कबर नाही; कसिनोच्या स्मारकावर नाव आहे. माणगावात पुतळा आहे, आणि २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावाने त्यांच्या नावाने सूर्यघड्याळ उभारलं. इटलीत हिंदी फौजेचे ५,७८२ जवान पडले. आमच्या शाळेच्या पुस्तकात प्रतिसरकारावर धडा होता. इटलीचा उल्लेख मुसोलिनीपुरता.

आबा १९४६ मध्ये सुटून आले. नोकरी थोड्या वर्षांची, त्यामुळे पेन्शन नाही. तात्यांना १९७२ मध्ये ताम्रपट मिळाला, पुढे सन्मानवेतनही सुरू झालं. आबांना त्याचं वाईट वाटलं असणार, पण ते चेष्टेवर न्यायचे: आपला भाऊ उसात बसून पेन्शन खातो, आपण बर्फात बसून नुसती सर्दी आणली. तात्या मात्र या विषयावर कधीकधी खरोखर तापत. पोळ्याच्या दिवशी, जेवणं झाल्यावर, ओसरीवर पानसुपारी चालू असताना त्यांनी आम्हा पोरांसमोरच विचारलं, ‘दादा, तू शेवटी गोऱ्यासाठीच लढलास ना?’

आबांनी सुपारी कातरायची थांबवली नाही. ‘लढलो. आन् तुझ्या भाकरीचं पीठ कुठल्या पैशाचं होतं रं?’

तात्या गप्प. मनिऑर्डरीच्या पैशातून घेतलेल्या जोंधळ्याच्या भाकरी रात्री उसात पोचवणारी आजी आतून म्हणाली, ‘अकरा-अकरा माणसांच्या करत होते. चटणी येगळी.’