विकृती की वैविध्य? गोल्डफिशच्या दुहेरी शेपटीचा इतिहास : एक आंतरविद्याशाखीय अभ्यास

सारांश

घरगुती मत्स्यालयातील गोल्डफिश या माशात दुहेरी शेपटी, बाहेर आलेले डोळे, पृष्ठपराचा अभाव, डोक्यावरील मांसल वाढ अशी अनेक असाधारण शारीरिक लक्षणे आढळतात. या लक्षणांची चर्चा सामान्यतः प्राणिशास्त्राच्या अंगाने होते. प्रस्तुत लेखात दुहेरी शेपटी हे एक लक्षण घेऊन त्याचा चीन, जपान व युरोपातील इतिहास तपासला आहे. एखादे लक्षण ‘विकृती’ ठरते की ‘सौंदर्य’, हे शरीररचनेइतकेच मानवी निवडीवर व त्या निवडीच्या ऐतिहासिक परिस्थितीवर अवलंबून असते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

प्रस्तावना

मानव आणि प्राणी यांच्या सहवासाचा इतिहास लिहिताना इतिहासकारांचे लक्ष प्रामुख्याने घोडा, बैल, हत्ती व उंट यांच्याकडे गेले. शेती, युद्ध आणि दळणवळण या तिन्ही क्षेत्रांशी या प्राण्यांचा थेट संबंध असल्याने ते स्वाभाविकही होते. परंतु ज्या प्राण्यापासून अन्न, श्रम वा संरक्षण यांपैकी कशाचीही अपेक्षा नव्हती, केवळ पाहण्यासाठीच जो पाळला गेला, त्याचा इतिहास मानवी अभिरुचीवर अधिक स्पष्ट प्रकाश टाकतो. गोल्डफिश हा असा प्राणी होय.

अनेक महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागात काचेची एखादी टाकी असते. तीत दोन शेपट्यांचा मासा दिसला की विद्यार्थी हमखास विचारतात, ‘हा आजारी आहे का? याला व्यंग आहे का?’ हा प्रश्न वरवर पाहता जीवशास्त्राचा आहे. तथापि त्याचे पूर्ण उत्तर द्यावयाचे तर किमान एक हजार वर्षे मागे जावे लागते. इतिहासाच्या अध्यापकाने या विषयात लक्ष घालण्याचे प्रयोजन हेच आहे.

असाधारण लक्षणांचे तीन प्रकार

विवेचनाच्या सोयीसाठी प्रथम संकल्पना स्पष्ट करणे आवश्यक आहे. मत्स्यालयातील माशात दिसणारी असाधारण लक्षणे स्थूलमानाने तीन प्रकारची असतात. पहिला प्रकार नैसर्गिक शरीरक्रियेचा. विणीच्या काळात नर गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणावर व छातीच्या परांवर पांढरे बारीक दाणे उमटतात. नवखा पाळणारा त्यांना रोगाचे ठिपके समजतो, पण ते प्रजननाचे लक्षण असते. दुसरा प्रकार रोग वा दुखापतीचा. शरीरात पाणी साचल्याने अंग फुगते आणि खवले उभे राहतात, ही याची परिचित अवस्था आहे. तिसरा प्रकार आनुवंशिक लक्षणांचा. ‘पर्लस्केल’ या वाणाचे खवले मोत्यासारखे फुगीर असतात. दुरून ते दुसऱ्या प्रकारातील माशासारखे भासतात, परंतु तो फुगीरपणा खवल्यावरील चुन्याच्या थराचा असून तो पिढ्यान्‌पिढ्या उतरतो. दुहेरी शेपटी ही या तिसऱ्या प्रकारात मोडते. प्रस्तुत लेखाचा विषय हा तिसरा प्रकार आहे, कारण इतिहास केवळ त्यालाच आहे.

तळ्याकडून कुंडीकडे

गोल्डफिशचा पूर्वज म्हणजे पूर्व आशियातील गोड्या पाण्यातला करड्या-हिरवट रंगाचा, खाण्याचा एक साधा मासा. त्यात क्वचित एखादा तांबडा वा पिवळा मासा निपजतो. नैसर्गिक स्थितीत असा उठून दिसणारा मासा भक्ष्य म्हणून लवकर बळी पडतो. चीनमध्ये मात्र त्याला संरक्षण मिळाले, आणि ते धार्मिक कारणाने मिळाले. बौद्ध परंपरेत पकडलेल्या जिवाला मुक्त करणे हे पुण्यकर्म मानले जाई व त्यासाठी मठांच्या परिसरात खास तळी राखलेली असत. दुर्मिळ रंगाचा मासा सोडण्याचे पुण्य विशेष मानले गेले असावे. दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात जियाशिंग येथील तळ्यात सोनेरी मासे असल्याचे उल्लेख मिळतात, तर अकराव्या शतकात सू शी या कवीने हांगझोऊच्या सोनेरी माशांचा उल्लेख केला आहे.

पुढचा टप्पा राजाश्रयाचा. दक्षिण सोंग वंशाचा सम्राट गाओझोंग याने इ. स. ११६२ मध्ये सिंहासन सोडले. निवृत्तीनंतर हांगझोऊ येथील प्रासादात त्याने सोनेरी माशांसाठी तळे राखले होते. इ. स. १२१४ च्या सुमारास युए के या लेखकाने तेथील व्यावसायिक मत्स्यपालकांची नोंद केली आहे. गटारातील बारीक तांबडे किडे ते माशांना खाऊ घालत आणि आपली विद्या गुप्त राखत, असे तो सांगतो. धार्मिक पुण्यकर्माचे रूपांतर व्यवसायात झाल्याची ही साक्ष आहे.

येथे दख्खनचा संदर्भ उद्‌बोधक ठरतो. याच बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ हे प्रकरण आले आहे. त्यातील विनोद मासे गळाने पकडण्याचा आहे. मासा हा दोन्ही दरबारांत करमणुकीचा विषय होता. परंतु एका ठिकाणी तो पकडावयाचा होता, तर दुसऱ्या ठिकाणी राखावयाचा. शरीररूपात बदल घडण्याची शक्यता दुसऱ्याच परंपरेत होती, कारण वाण घडविण्यासाठी प्राणी पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या ताब्यात राहावा लागतो.

तरीही सोंग काळातील बदल मुख्यतः रंगापुरता मर्यादित राहिला. शेपटी, डोळे व पाठ यांत बदल दिसू लागतात ते मिंग काळात, आणि त्यामागे एक साधे भौतिक कारण आहे. या काळात गोल्डफिश तळ्यातून मातीच्या व चिनी मातीच्या कुंडीत आला. तळ्यात मंद पोहणारा मासा अन्नासाठीच्या स्पर्धेत मागे पडतो. तळ्यात जोड्या ठरविणेही पालकाच्या हाती नसते. कुंडीत ही दोन्ही बंधने उरत नाहीत. शिवाय कुंडीतला मासा वरून पाहिला जातो. तळ्यातील माशाचा रंग नजरेत भरतो, कुंडीतल्या माशाची शेपटीही वरून पंख्यासारखी उलगडलेली दिसते.

या संक्रमणाचा सर्वांत महत्त्वाचा पुरावा म्हणजे झांग चिआनदे याने इ. स. १५९६ मध्ये लिहिलेला ‘झूशा यू पू’ म्हणजे ‘सिंदुरी माशांची नोंदवही’ हा ग्रंथ. त्यात तीन व अधिक शेपट्यांच्या माशांचा उल्लेख आहे. त्याहून मोलाची आहे ती निवडीची पद्धत. मोठ्या संख्येने मासे घ्यावेत, टप्प्याटप्प्याने नापसंत मासे काढून टाकावेत, अखेरीस शंभरांत एखाद-दुसराच राखावा व त्यांना वेगळे वाढवावे, असा तिचा आशय आहे. डार्विनच्या सुमारे पावणेतीनशे वर्षे आधी कृत्रिम निवडीचे हे जवळजवळ संपूर्ण वर्णन आहे. मात्र लेखकाची दृष्टी रसिकाची आहे, निसर्गाचा नियम शोधणाऱ्याची नाही, हेही नमूद केले पाहिजे.

जपान आणि युरोप : एकच मासा, दोन दृष्टी

जपानी परंपरेनुसार गोल्डफिश तेथे इ. स. १५०२ मध्ये साकाई बंदरात आला. इ. स. १७२४ मध्ये यानागिसावा घराण्याची बदली कोरियामा येथे झाली आणि त्यांच्याबरोबर हा मासाही तेथे गेला, असे सांगितले जाते. आजही यामातोकोरियामा हे गोल्डफिश संवर्धनाचे प्रसिद्ध केंद्र आहे. इ. स. १७४८ मध्ये गोल्डफिशच्या संगोपनावर जपानी भाषेत स्वतंत्र पुस्तक प्रसिद्ध झाले. ‘रांचू’ या वाणात पृष्ठपराचा अभाव आणि जोडशेपटीची समतोल मांडणी हे उत्तम माशाचे निकष ठरले. म्हणजेच येथे अपवादाचा नियम झाला आणि सरळ एकेरी शेपटीचे पिल्लू ‘सदोष’ म्हणून बाजूला काढले जाऊ लागले.

युरोपात हा मासा सतराव्या-अठराव्या शतकांत पोहोचला. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियस याने इ. स. १७५८ मध्ये त्याला ‘सायप्रिनस ऑरॅटस’ हे नाव देताना जे ओळखीचे लक्षण दिले, ते दुहेरी गुदपराचे होते. ही बाब विशेष लक्षणीय आहे. ज्याला पुढील पिढ्या विकृती म्हणणार होत्या, तेच लक्षण एका संपूर्ण प्रजातीची व्याख्या म्हणून शास्त्रात दाखल झाले. लिनियसने केवळ निसर्गाचे वर्गीकरण केले असे म्हणता येत नाही. चिनी पालकांच्या पसंतीवरही त्याने नकळत शास्त्रीय शिक्का उमटविला.

इ. स. १७८० मध्ये फ्रान्समध्ये बियार्दों द सोव्हिन्यी याने चीनमधून आलेल्या चित्रांच्या आधारे गोल्डफिशवरील सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. चार्ल्स डार्विनने इ. स. १८६८ च्या पाळीव प्राणी व वनस्पती यांच्या परिवर्तनशीलतेवरील ग्रंथात याच चित्रसंग्रहाचा आधार घेऊन ८९ प्रकारांचा उल्लेख केला आहे. साधनचिकित्सेच्या दृष्टीने येथे सावधगिरी आवश्यक आहे. चित्रातील प्रत्येक मासा म्हणजे एक स्वतंत्र वाण, असे गृहीत धरता येत नाही. तथापि डार्विनचा पुढील अभिप्राय महत्त्वाचा आहे. तिहेरी शेपटीसारख्या प्रकारांना खरे तर विकृती म्हटले पाहिजे, परंतु परिवर्तन आणि विकृती यांच्यात नेमकी सीमारेषा आखणे कठीण आहे, असे त्याने मान्य केले.

जनुकीय पुरावा

इ. स. १८८७ मध्ये वातासे शोझाबुरो या जपानी प्राणिशास्त्रज्ञाने दुहेरी शेपटी व दुहेरी गुदपर यांच्या शरीररचनेचा अभ्यास प्रसिद्ध केला. इ. स. १९२८ मध्ये चेन झेन या चिनी शास्त्रज्ञाने गोल्डफिशच्या पारदर्शक खवल्यांची आनुवंशिकता मेंडेलच्या नियमांनुसार चालते, असे दाखवून दिले. याच चेन यांनी पुढे, इ. स. १९५६ मध्ये, जुन्या चिनी ग्रंथांच्या आधारे गोल्डफिशचा इतिहास लिहिला. प्रयोगशाळा आणि ग्रंथालय यांचा असा संगम एकाच अभ्यासकात होणे दुर्मिळ आहे.

दुहेरी शेपटीचे कोडे उलगडले ते इ. स. २०१४ मध्ये. तैवान व जपानमधील संशोधकांनी हे लक्षण ‘कॉर्डिन’ या जनुकातील उत्परिवर्तनाशी जोडले. भ्रूणात पाठीची बाजू कोणती आणि पोटाची कोणती, हे ठरण्यात या जनुकाचा वाटा असतो. त्याचे कार्य बिघडल्यास पोटाकडील ऊतींचा विस्तार होतो आणि मध्यरेषेवरील एकेरी शेपटी दुभंगते. झेब्राफिशमध्ये या जनुकाचा बिघाड बहुधा प्राणघातक ठरतो. मग गोल्डफिश का जगतो? त्याच्या पूर्वजांत फार प्राचीन काळी संपूर्ण जनुकसंच दुप्पट झाला होता. त्यामुळे कॉर्डिनच्या दोन प्रती राहिल्या. एक निकामी झाली तरी दुसरी भ्रूणाचा जीव वाचविण्याइतके काम सांभाळते. तपासलेल्या सर्व दुहेरी शेपटीच्या वाणांत एकच उत्परिवर्तन आढळले, हे त्याहून महत्त्वाचे. याचा अर्थ हे लक्षण वेगवेगळ्या ठिकाणी पुनःपुन्हा उद्‌भवलेले नसून एकदा घडले, एकदा निवडले गेले आणि तेथून सर्वत्र पसरले.

इ. स. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांनी अन्य लक्षणांचाही मागोवा घेतला. बाहेर आलेल्या डोळ्यांचा संबंध एका जनुकातील दोषाशी लागला, तर पृष्ठपराच्या अभावामागे अनेक जनुकीय प्रदेश असल्याचे दिसले. म्हणजे ‘असाधारण’ या एकाच शब्दाखाली येणारी लक्षणे घडणीच्या दृष्टीने एकसारखी नाहीत.

येथे दोन प्रकारच्या साधनांची परस्परपूरकता स्पष्ट होते. जनुक सांगतो की बदल एकदाच घडला. तो लोकांच्या नजरेत कधी भरला, कोणत्या भांड्यात टिकला आणि कोणाच्या पसंतीने वाढला, हे मात्र दस्तऐवजच सांगू शकतात.

निष्कर्ष

१) दुहेरी शेपटी हा रोग नाही. ते आनुवंशिक लक्षण आहे. निसर्गात ते टिकले नसते, मानवी संरक्षणात टिकले.

२) रंगातील बदल तळ्यात, तर आकारातील बदल कुंडीत रुजला. निवासाचे भांडे हा या इतिहासातील निर्णायक घटक आहे.

३) ‘विकृती’ आणि ‘वैविध्य’ या संज्ञा स्थिर नाहीत. रांचूच्या पालकाने, लिनियसने व डार्विनने समान लक्षणाला वेगवेगळे स्थान दिले.

४) मात्र संज्ञा सापेक्ष आहेत म्हणून प्राण्याचे क्लेशही सापेक्ष ठरत नाहीत. दुहेरी शेपटीचा मासा संथ पोहतो, बाहेर आलेल्या डोळ्यांना इजा सहज होते. अशी शरीरे माणसाने निवडली, म्हणून त्यांच्या संगोपनाची जबाबदारीही माणसाकडेच येते. वेगवान माशांबरोबर त्यांना न ठेवणे, टाकीत टोकदार वस्तू न ठेवणे आणि पुरेसे स्वच्छ पाणी देणे, ही या जबाबदारीची किमान रूपे होत. जर्मनीच्या प्राणी संरक्षण कायद्यात तर यातना देणाऱ्या लक्षणांसाठी पैदास करण्यास मनाई करणारे स्वतंत्र कलम आहे.

‘याला व्यंग आहे का?’ या विद्यार्थ्यांच्या प्रश्नाला त्यामुळे केवळ होय किंवा नाही असे उत्तर देता येत नाही. या माशाच्या शेपटीत सुमारे चारशे वर्षांची मानवी पसंती साठलेली आहे. त्या टाकीसमोर प्राणिशास्त्राच्या अध्यापकाबरोबर इतिहासाच्या अध्यापकानेही उभे राहावे, एवढीच प्रस्तुत लेखाची अपेक्षा आहे.