इंदूरची खतपद्धती आणि शेतकामाची भाषा

एखाद्या गावाचे नाव जगाच्या शास्त्रीय ग्रंथांत कायमचे जडून जावे आणि त्या गावातील लोकांना मात्र त्याची गंधवार्ता नसावी, असा योग इंदूरच्या वाट्यास आला आहे. स्नेहलतागंजासारख्या भरवस्तीत राहणाऱ्या मराठी कुटुंबास होळकरांचे इंदूर ठाऊक असते, कापडगिरण्यांचे इंदूर ऐकून माहीत असते. परंतु सेंद्रिय शेतीचे अभ्यासक जिला ‘इंदूर पद्धती’ म्हणतात ती खतप्रक्रिया याच शहराच्या शिवारात पऱ्हाट्या, शेण आणि राख यांतून सिद्ध झाली, हे सांगितल्यावाचून कळत नाही. तिचा वृत्तान्त येथे थोडक्यात द्यावयाचा आहे. आणि तो देताना, ज्या हातांनी ते काम झाले त्या हातांकडे व त्यांच्या भाषेकडे वाचकांचे लक्ष वेधावे, असा आमचा हेतू आहे.

१९२४ साली इंदूर येथे ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री’ ही संस्था स्थापन झाली. होळकर दरबाराने तिला सुमारे ३०० एकर जमीन दिली. खर्चाचा मोठा भार मध्यवर्ती कापूस समितीने उचलला. संचालक अल्बर्ट हॉवर्ड हे १९०५ पासून बिहारातील पुसा येथे पिकांचे संशोधन करीत होते, आणि त्यांच्या पत्नी गॅब्रिएल हॉवर्ड या त्या संशोधनात बरोबरीच्या भागीदार होत्या. कापसाचे पीक सुधारावे, एवढेच काम संस्थेकडून अपेक्षित होते. परंतु बियाणे कितीही निवडून घेतले तरी जमीन भुकेली असेल तर पीक सुधारत नाही, हे हॉवर्ड यांनी ओळखले होते.

जमिनीची ही भूक वर्षाच्या कामांतूनच उत्पन्न होत असे. मृगाच्या पावसावर कापूस पेरावा, पावसाळाभर निंदणी-कोळपणी करावी, दिवाळीच्या सुमारास वेचणी सुरू करावी आणि वेचे संपल्यावर उभ्या पऱ्हाट्या उपटून शेत मोकळे करावे, असा माळव्यातला क्रम. उपटलेल्या पऱ्हाट्या चुलीत जात. शेणाच्या गोवऱ्या होऊन त्याही चुलीतच जात. शेतातून निघालेले शेतात परत जावयाचे ते धुराच्या रूपाने आकाशात जाई. चिनी शेतकरी काडीकचरा वाया न घालवता चाळीस शतके जमीन कसत आला आहे, हे अमेरिकेतील किंग यांनी १९११ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले होते. तोच धडा माळव्याच्या काळ्या जमिनीत गिरवावयाचा, असे इंदूरच्या संस्थेने ठरविले.

पहिली अडचण पऱ्हाटीच्या कठीणपणाची होती. ती सहजासहजी कुजत नाही. तिच्यावरचा उपाय फार साधा निघाला. पऱ्हाट्या शेतावरच्या रस्त्यात अंथरावयाच्या. ये-जा करणाऱ्या बैलगाड्यांच्या चाकांखाली त्या आपोआप चिरडल्या जात. निराळे यंत्र नाही, निराळी मजुरी नाही. हा चुरा व इतर पालापाचोळा गोठ्यात बैलांखाली पसरीत. रात्रभर तो मुताने भिजे. सकाळी तो उचलून ३० फूट लांब व १४ फूट रुंद अशा उथळ खड्ड्यात थरांनी भरीत, त्यावर शेणकाला, गोठ्यातली मुताने मुरलेली माती आणि राख घालीत आणि पाणी शिंपडीत. पुढे तीन वेळा तो ढीग वरखाली करीत, म्हणजे हवा आत खेळे. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते म्हणून जमिनीवरच ढीग रचीत. सुमारे तीन महिन्यांत खत तयार होई.

१९३१ साली ही पद्धती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. मुखपृष्ठावर हॉवर्ड यांच्या जोडीने यशवंत वाड यांचे नाव आहे. संस्थेच्या रसायनशाखेतील हे प्रमुख साहाय्यक. नाव मराठी कानाला परके नाही. ग्रंथ इंग्रजी असला तरी कामाचा तपशील सांगताना त्याला ‘टगरी’, ‘पाल’ अशा देशी शब्दांवाचून पुढे जाता आले नाही. पाल म्हणजे दोन बांबूंमध्ये गोणपाट ताणून केलेली झोळी. दोघांनी दोन टोके धरून ती वाहून न्यावयाची. शास्त्र इंग्रजीत लिहिले गेले. काम मात्र मजुरांच्या बोलीत झाले. माळव्यातला बक्खर तो वऱ्हाड-खानदेशातला वखर. अशा शब्दांतून दोन प्रांतांच्या शेतीचे नाते उघड दिसते.

पुढे एप्रिल १९३५ मध्ये गांधीजी इंदूरला आले असता त्यांनी ही पद्धती पाहिली. १९५९ मध्ये त्याच जागी कृषी महाविद्यालय झाले आणि भोवती शहर वाढले. माळव्यातले पीकही पालटले. १९७० नंतर सोयाबीनने खरीप व्यापला. गहू कापणारे हार्वेस्टर यंत्र फिरू लागले. ते दाणे काढून घेते आणि शेतात उंच धसकटे सोडून जाते. माळव्यात त्यांना ‘नरवाई’ म्हणतात. पुढच्या पेरणीसाठी शेत लवकर मोकळे करावे म्हणून ती नरवाई अनेक ठिकाणी पेटवून देतात. ज्या प्रदेशाने शेतातला कचरा जाळू नये असे जगाला शिकविले, त्याच प्रदेशात हा धूर उठावा, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

यात यंत्राला दोष देणे आम्हांस योग्य वाटत नाही. उन्हात कापणी करणाऱ्या मजुराची पाठ यंत्राने वाचविली, हे खरे आहे. परंतु विळ्याने कापताना काडी कोठे जावयाची, हे कामातच ठरलेले असे. यंत्राने तो दुवा तोडला आणि त्याच्या जागी दुसरा जोडला गेला नाही. दुव्याबरोबर शब्दही जातात. पऱ्हाटी, धसकट, पाचट, उकिरडा, शेणकाला हे नुसते शब्द नव्हेत. कोणती वस्तू टाकाऊ नाही, याची ती यादी आहे. ज्या वस्तूला नाव उरत नाही ती कचरा ठरते, आणि कचरा पेटविण्यास कोणाचे मन कचरत नाही.

म्हणून शिक्षक-वाचकांना आमची एक विनंती आहे. इंदुरात असोत वा विदर्भात, आपल्या विद्यार्थ्यांच्या घरी ज्यांनी शेती केली असे वडीलधारे अद्याप आहेत, तोवर त्यांच्याकडून हंगामवार कामांची व अवजारांची नावे लिहून घ्यावीत, आणि प्रत्येक नावापुढे त्या वस्तूचे पुढे काय होत असे तेही टिपावे. इंदूर पद्धतीचा अर्धा इतिहास ग्रंथात आहे. उरलेला अर्धा अशाच नोंदींतून मिळण्याजोगा आहे.