अणुखनिजांचा शोध : बातमीपासून साठ्यापर्यंत

भूमिगत धनाविषयी आपल्या समाजमनात एक जुनी कल्पना रुजलेली आहे. पायाळू माणसास सोबत घ्यावे, तो दाखवील तेथे खणावे आणि मोहरांचा हंडा वर काढावा! खनिजांविषयीच्या बातम्या आपण आजही पुष्कळशा याच वृत्तीने वाचतो. 2023 च्या फेब्रुवारीत जम्मूतील रियासी जिल्ह्यात 59 लाख टन लिथियम ‘सापडल्या’ची वार्ता आली आणि देश आता श्रीमंत झालाच, असा सूर लागला. मूळ निवेदनात ‘अनुमानित’ हा शब्द होता. शिवाय तो आकडा शुद्ध धातूचा नसून धातुकाचा होता. पुरेसे बोलीदार न मिळाल्याने 2024 मध्ये तेथील लिलाव रद्द करावा लागला. त्यापूर्वी कर्नाटकातील मंड्या जिल्ह्याविषयी 2020 च्या आरंभी 14,100 टनांचा आकडा गाजला होता. 2021 मध्ये संसदेत सांगितला गेला तो आकडा 1,600 टनांचा होता.

यात कोणी लबाडी केली असे आम्ही म्हणत नाही. महसूल खात्यात उमर घालविल्यामुळे नजरअंदाजाने ठरविलेली आणेवारी आणि प्रत्यक्ष पीककापणीचा प्रयोग यांतील अंतर आम्ही जाणतो. ‘सापडणे’ आणि ‘साठा असणे’ यांतही तितकेच, किंबहुना अधिक अंतर असते. भारतातील अणुखनिजांच्या शोधाचा इतिहास हा मुख्यत्वे हे अंतर चालून जाणाऱ्यांचा इतिहास आहे.

त्याचा आरंभ मोठा गमतीचा आहे. त्रावणकोरहून परदेशी गेलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत शॉमबर्ग नावाच्या जर्मन रसायनज्ञास 1909 मध्ये मोनाझाइट आढळले. त्या काळी गॅसबत्तीच्या जाळीसाठी थोरियम लागे आणि ते या खनिजातून मिळे. त्यामुळे केरळच्या किनाऱ्यावरील वाळू जहाजे भरभरून बाहेर जाऊ लागली. येथे निम्मे काम समुद्रानेच करून ठेवले होते. लाटा हलके कण वाहून नेतात आणि जड कण किनाऱ्यावर उरतात. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूत इल्मेनाइट साचले ते याच रीतीने. अणुयुग उजाडताच थोरियमचे मोल पालटले. 1950 मध्ये इंडियन रेअर अर्थ्स ही संस्था स्थापन झाली आणि 1952 मध्ये अलवाये येथे मोनाझाइटवर प्रक्रिया करणारा कारखाना उभा राहिला.

परंतु थोरियम हे स्वतः सरळ इंधन नव्हे. अणुभट्टीत त्याचे प्रथम युरेनियम-233 मध्ये रूपांतर व्हावे लागते. म्हणजे प्रारंभास युरेनियम हवेच, आणि ते वाळूत नव्हे, खडकात शोधावयाचे होते. ऑगस्ट 1948 मध्ये डॉ. होमी भाभा यांच्या अध्यक्षतेखाली अणुऊर्जा आयोग नेमला गेला. पुढील वर्षी दुर्मिळ खनिजांच्या पाहणीसाठी एक लहानसे पथक निर्माण झाले आणि त्याची धुरा दाराशॉ नौशेरवान वाडिया यांजकडे आली. आम्हां बडोदेकरांस या नावाचा विशेष अभिमान वाटावा. वाडियांचा जन्म सुरतेचा, 1883 सालचा. पण त्यांचे उच्च शिक्षण सयाजीरावांच्या काळात बडोदे कॉलेजात झाले. जम्मूच्या महाविद्यालयात शिकवीत असता, भारतीय विद्यार्थ्यांस या देशाच्या खडकांविषयी नीट पुस्तक नाही हे पाहून त्यांनी ते स्वतः लिहिले. ते 1919 मध्ये प्रसिद्ध झाले. या पथकाची जबाबदारी त्यांनी पत्करली तेव्हा त्यांचे वय 65 होते. इतर माणसे ज्या वयात पेन्शनीचा हिशेब मांडून बसतात, त्या वयात या गृहस्थांनी नव्या खात्याची पायाभरणी केली!

पथकाच्या हाती गायगर मापक होता. खडकाजवळ नेला की तो टिकटिकतो आणि टिकटिक वाढली की किरणोत्सार अधिक, इतके सर्वांस ठाऊक असते. मात्र हे यंत्र फसवूही शकते. थोरियमजवळही ते तसेच वाजते. शिवाय पृष्ठभागाजवळील खडकातून पावसाच्या पाण्याने युरेनियम विरघळून निघून जाते, पण त्यापासून उपजलेले रेडियम व त्याची संतती मागे राहते. टिकटिक मुख्यत्वे या संततीचीच असते. घरधनी गाव सोडून गेला तरी मुलेबाळे अंगणात खेळत असावीत, तसा हा प्रकार. म्हणून खडकात खोल बोअर घ्यावे लागतात, वर काढलेल्या कोअरचे रासायनिक पृथक्करण करावे लागते, आणि असे शेकडो बोअर नकाशावर मांडल्यावर खनिजाचा थर किती लांब, किती जाड, किती खोल हे उमगते.

सिंगभूमच्या ताम्रपट्ट्यात 1951 मध्ये जादुगोड्याचा शोध लागला. पण युरेनियम कॉर्पोरेशन स्थापन व्हावयास 1967 उजाडले आणि कारखाना चालू झाला 1968 मध्ये. तेथील धातुकात युरेनियमचे प्रमाण शेकडा सुमारे 0.06, म्हणजे एका टनात जेमतेम सहाशे ग्रॅम! आंध्रातील कडप्पा जिल्ह्यातील तुम्मलपल्लेची कथा याहून बोधप्रद आहे. तेथील युरेनियम चुनखडीयुक्त खडकात आहे. नेहमीच्या रीतीने आम्ल घालावे तर सारे आम्ल चुनाच गिळून टाकतो. अल्कधर्मी द्रावणाने, उच्च दाबाखाली युरेनियम वेगळे करण्याची रीत सिद्ध झाली तेव्हाच, 2012 च्या सुमारास, तेथील उत्पादनाची वाट मोकळी झाली. खडक तोच होता. रीत सापडेपर्यंत तो ‘साठा’ नव्हता.

वाडियांच्या त्या पथकाचेच पुढे अणुखनिज संचालनालय झाले. 1974 पासून त्याचे मुख्यालय हैदराबादेस आहे, हे तेथील आपल्या वाचकांस ठाऊक असेलच.

आता या हिशेबाची दुसरी बाजू. नकाशावरील बोअरचा ठिपका हा कोणाच्या तरी शेतात, कुरणात वा वनात असतो. जादुगोड्याच्या परिसरातील आदिवासी गावांनी टाकाऊ गाळाच्या तळ्यांविषयी व आरोग्याविषयी वर्षानुवर्षे गाऱ्हाणी मांडली. डिसेंबर 2006 मध्ये हा गाळ वाहून नेणारी नळी फुटलीही. मेघालयातील डोमियासियाट येथे 1980 च्या दशकात चांगल्या प्रतीचे युरेनियम आढळले, परंतु स्थानिकांच्या विरोधामुळे तेथे व्यापारी खाण उभी राहिली नाही. नल्लमल्लाच्या अरण्यात युरेनियमसाठी खाणी होऊ नयेत, असा ठराव तेलंगण विधानसभेने सप्टेंबर 2019 मध्ये केला. हे विरोधक देशाचे शत्रू होते काय? आम्हांस तसे वाटत नाही. जमीन संपादनाच्या कागदांत क्षेत्र, आकार आणि मोबदला यांस रकाने असतात. विहिरीच्या पाण्यास आणि पुढील पिढीच्या प्रकृतीस रकाना नसतो. तो रकाना भरून मागण्याचा अधिकार त्यांचा आहे. दुसरीकडे वीजही हवी आहे आणि दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांसाठी परक्याच्या मर्जीवर अवलंबून राहणे किती जोखमीचे, हे चीनने 2025 मध्ये त्यांच्या निर्यातीवर घातलेल्या निर्बंधांनी दाखवून दिले आहे.

अशा वेळी शब्द जपून वापरणे ही केवळ व्याकरणाची बाब राहत नाही. ‘अनुमानित’ या शब्दाकडे डोळेझाक केली तर एकीकडे कोट्यवधींची आशा वाढते आणि दुसरीकडे एखादे गाव कारण नसता धास्तावते. यापुढे अशी वार्ता कानी आली की वाचकांनी तीन गोष्टी विचाराव्यात : आकडा धातुकाचा की धातूचा, बोअर घेऊन मोजलेला की अनुमानाचा, आणि त्या जमिनीवर राहतो कोण? तिन्हींची उत्तरे मिळेपर्यंत ‘सापडले’ म्हणावे, ‘आहे’ म्हणण्याची घाई करू नये.