विल्यम, कुठला विल्यम?

विजार गुडघ्यापर्यंत दुमडा आणि उतरा कुंडात. थंड आहे ना? आणि हा नाकात शिरणारा वास? हो, तीच. घरोघरची शिळी लघवी. तिच्याशिवाय लोकरीचा तेलकटपणा सुटत नाही. तुडवा! तुम्ही तेराव्या शतकातल्या इंग्लंडात, लिंकन गावी आहात आणि पायाखाली बुळबुळतंय ते भारीतलं भारी लोकरी कापड, स्कार्लेट. हे नाव आधी कापडाचं, रंगाचं मागाहून. अजून ते मळकट पांढरंच आहे.

पोटऱ्या भरून आल्या? चला मग रंगाऱ्याकडे. दारातच वाफ अंगावर येते, डोळे चुरचुरतात. त्याच्या तळहातावरचे ते वाळके मिरे पाहिलेत? ते किडे आहेत, भूमध्य समुद्राकाठच्या ओकच्या झुडपांवरून खरवडून आणलेले. अरबीत त्यांना ‘किर्मिझ’ म्हणतात. आपल्या पैठणीचा किरमिजी रंग नावाने यांचाच भाऊबंद. तुरटीत मुरलेलं कापड उकळत्या हंड्यात बुडतं, रंगारी लांब दांड्याने ढवळत राहतो, घाम टपटपतो आणि कापड वर येतं ते पेटलेलं! मला तर दर वेळी इथेच थांबावंसं वाटतं.

पण बाजार भरलाय. स्टीप हिलचा चढ चढा, चिखल सांभाळा. डोक्यावर कॅथीड्रलच्या घंटा, पायांत डुकरं, शेजारी गरम पावाचा दरवळ. कुणीतरी ओरडतं, ‘विल्यम!’ चार माना वळतात. या गावात विल्यम, जॉन आणि रॉबर्ट यांचीच गर्दी! पुन्हा हाक येते, ‘विल्यम स्कार्लेट!’ आता एकच मान वळते, लाल कापड विकणाऱ्याची.

ते आडनाव पिढ्यान्‌पिढ्या चालत राहील. १९३६ साली मार्गारेट मिचेल आपल्या कादंबरीच्या नायिकेला आजीचं माहेरचं आडनाव देतील: कॅटी स्कार्लेट ओहारा. १९३९ मध्ये ती पडद्यावर येईल आणि पुढे आया आपल्या लेकींना त्याच नावाने हाका मारू लागतील.

बाजारातल्या विल्यमला मात्र आत्ता गिऱ्हाईक हवंय. तो ठाण उलगडून तुमच्यापुढे धरतो. थांबा, हात पुसा आधी. आता लावा बोटं. किती मऊ! आणि त्या कुंडाचा मागमूसही नाही.