दोन फेऱ्यांची चूक

निकालपत्रकं तपासण्यात माझी उभी नोकरी गेली, म्हणून मोटारींच्या एका शर्यतीचा निकाल वाचून राहवलं नाही.

१ डिसेंबर १९६३. अमेरिकेत फ्लोरिडातलं जॅक्सनव्हिल, अर्ध्या मैलाचा मातीचा ट्रॅक, नॅसकारची २०० फेऱ्यांची शर्यत. वेंडेल स्कॉट हा कृष्णवर्णीय ड्रायव्हर दोन फेऱ्यांनी पुढे होता. तरी विजेता म्हणून नाव पुकारलं गेलं बक बेकरचं. चषकही त्यालाच. काही तासांनी, प्रेक्षक घरी गेल्यावर, "मोजणीत चूक झाली" असं सांगून स्कॉटला पहिला ठरवलं.

तेव्हा फेऱ्या माणसंच मोजत. बेरजेत मीही चुकलोय. एका मुलाचे सात गुण राहिले होते, दुसऱ्या दिवशी भरवर्गात कबूल केलं. पण इथे बक्षीस समारंभ उरकेपर्यंत चूक कुणालाच दिसू नये? विजेत्याचा मुका सौंदर्यराणी घेई, आणि गोऱ्या मुलीनं आपला मुका घेतलेला त्यांना नको होता, असं स्कॉटचं म्हणणं. मला ते पटतं.

आकडेवारीत त्याच्या नावावर ४९५ शर्यती आणि विजय हा एकच. १९९० साली तो वारला. नॅसकारनं त्या विजयाचा चषक दिला ऑगस्ट २०२१ मध्ये, त्याच्या मुलाबाळांच्या हाती.