कर्लीकाठची शंभर मीटर : एका अंतराचा इतिहास (धागा)

१/ कुडाळ तालुक्यातील वालावल म्हटले की लक्ष्मीनारायणाचे देऊळ आणि त्यालगतचे तळे डोळ्यांसमोर येते. गावाच्या अंगाने कर्ली नदी वाहते आणि देवबागपाशी समुद्रास मिळते. समुद्र येथून दिसत नाही. भरती मात्र येते. नदीकाठी किती अंतरावर बांधकाम करावे, हा प्रश्न त्या भरतीमुळेच दिल्लीपर्यंत पोहोचला. आजचा धागा त्या अंतराविषयी.

२/ १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेस यजमान स्वीडनखेरीज एकाच देशाचे शासनप्रमुख उपस्थित होते : इंदिरा गांधी. पुढे १९७६ मध्ये ४२ व्या घटनादुरुस्तीने पर्यावरणरक्षण राज्याच्या मार्गदर्शक तत्त्वांत आले (अनुच्छेद ४८-अ). ही दुरुस्ती आणीबाणीतली, हे विसरू नये.

३/ नोव्हेंबर १९८१ मध्ये इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिले : भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत किनारा मोकळा ठेवावा. पत्र म्हणजे कायदा नव्हे. भोपाळनंतर, १९८६ मध्ये पर्यावरण (संरक्षण) अधिनियम झाला आणि त्याखाली १९ फेब्रुवारी १९९१ रोजी किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या ‘सीआरझेड’ची, अधिसूचना निघाली.

४/ तिच्यात वालावलसारख्या गावांस लागू पडणारे कलम असे : भरतीचे पाणी शिरणाऱ्या नद्या व खाड्यांच्या दोन्ही काठांवर किमान १०० मीटर, अथवा पात्राची रुंदी, यांपैकी जे कमी असेल ते अंतर नियमनाखाली. कांदळवने तर सर्वाधिक संरक्षित वर्गात गेली.

५/ तीनच वर्षांत, ऑगस्ट १९९४ मध्ये, या १०० चे ५० झाले. १८ एप्रिल १९९६ रोजी ‘इंडियन कौन्सिल फॉर एन्व्हायरो-लीगल ॲक्शन’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती घट रद्द केली. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो, आणि तो त्यातील साध्या प्रश्नामुळे : अंतर निम्मे का केले? घट पर्यावरणास हानिकारक ठरणार नाही, असे शासनाने शपथपत्रावर ठामपणे सांगितलेच नव्हते. न्यायालयाने ५० हा आकडा चूक आहे असे सिद्ध केले नाही. तो सिद्ध करण्याचा भार आकडा बदलणाऱ्यावर टाकला.

६/ याच निकालातून आणखी एक गोष्ट उघड होते. राज्यांनी आपले किनारा व्यवस्थापन आराखडे करायचे होते; अनेकांनी ते वेळेत केलेच नाहीत. रेषा कायद्यात होती, नकाशावर नव्हती.

७/ २०११ च्या अधिसूचनेने १०० मीटर कायम ठेवले आणि भरतीचा प्रभाव कोठवर मानावा, हेही ठरवले : वर्षातील सर्वांत कोरड्या काळात पाण्याची क्षारता हजारात ५ भाग असेल तेथवर. चैत्र-वैशाखात पाणी कोठपर्यंत खारे होते, हे काठच्या माणसास जिभेने ठाऊक असते. येथे तेच ज्ञान आकड्यात आले.

८/ मग राज्यांच्या तक्रारी, शैलेश नायक समिती, आणि १८ जानेवारी २०१९ ची नवी अधिसूचना. खाडीकाठचे अंतर पुन्हा ५० मीटर, अथवा पात्राची रुंदी, जे कमी ते. १९९४ ची घट दुरुस्ती म्हणून आली होती; या वेळी अधिसूचनाच नवी होती.

९/ दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. वाडवडिलांच्या जागेत घर वाढवू पाहणाऱ्यास आणि काठावर हॉटेल उभारणाऱ्यास एकच फूटपट्टी लावणे न्याय्य नाही, ही किनाऱ्यावरची तक्रार जुनी आणि खरी आहे. परंतु तिचे उत्तर घर आणि हॉटेल यांत भेद करणे हे होते. अंतर निम्मे केल्याने सवलत दोघांनाही मिळाली, आणि ती वापरण्याची ऐपत कोणाची अधिक, हे सांगावयास नको.

१०/ माडांची लागवड साधारण साडेसात मीटरांवर करतात. म्हणजे १९९१ ची रेषा पाण्यापासून तेराव्या ओळीपाशी होती. आजची सहाव्या-सातव्या ओळीपाशी आहे.